एटापल्लीवाली टोपी

टोप्या ठेवायचा माझा गोल पत्र्याचा डबा सध्या स्वयंपाकघरात फळीवर आहे आणि त्यात मोहाची वाळलेली फुलं भरलेली आहेत. मी झाकण उघडलं की आमचे हे बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "अगं, हे घर आहे का भट्टी?" हा डबा मी रिकामा घेऊन गेले होते, आणि येताना त्यातून एक जुनी इटालियन फेल्ट हॅट आणणार होते. हॅटीच्या जागी फुलं कशी आली ते सांगते.

आधी माझ्या नादाबद्दल सांगायला हवं. मी मिरजेत मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचे. एकदा गॅदरिंगच्या नाटकासाठी साहेबाची टोपी हवी होती म्हणून जुन्या बाजारात गेले आणि कपड्यांच्या ढिगातून एक चेपलेली राखाडी हॅट उचलली. हातात धरली ती खाली ठेववेना. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं वाटत होतं. घरी आणून वाफ दिली तर अशी काही उठून बसली की बघत राहिले. नाटकातल्या मुलीने शेवटी पुठ्ठ्याची टोपी घातली आणि ही माझ्या कपाटात गेली. मग तिला मैत्रिणी मिळत गेल्या. आता कपाटात माझ्या साड्यांना जागा नाही.

इटलीची टोपी ओळखायची कशी, असं सगळे विचारतात. चांगल्या टोपीचं फेल्ट सशाच्या केसांचं असतं, मुठीत दाबून सोडलं की पसरतं. मेंढीच्या लोकरीचं फेल्ट दाबलं की रुसून बसतं. आत कपाळाला लागते ती चामड्याची घामपट्टी. तिच्यावर सोनेरी शिक्का असतो, पण घामाने सगळ्यात आधी तोच जातो. मग पट्टी उलटून तिच्या पाठीमागे पाहायचं. तिथे कधीकधी मापाची कागदी चिठ्ठी शाबूत सापडते. इंग्रजी टोपीचं माप इंचात, इटलीच्या टोपीचं सेंटिमीटरात. शिक्का किंवा चिठ्ठी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुठल्याही टोपीला इटलीची म्हणत नाही, आणि एकदा ओळख पटली की कुणाची भीडभाड ठेवत नाही. एक गृहस्थ आजोबांची 'इटालियन' हॅट घेऊन आले होते. मी दाबून पाहिली आणि म्हटलं, लोकर आहे, इथलीच आहे. ते चहा न पिता गेले. जाईनात का! या नादातली माणसं मला फोन करतात ती याच भरवशावर.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर लोकांची डोकी मोजली, आता त्यांचं डोकं माझ्या उपयोगाचं आहे. गोल, गुळगुळीत, अठ्ठावन्न सेंटिमीटर. वाफ दिलेली टोपी मी त्यांच्या डोक्यावर बसवते आणि ते पेपर वाचत बसतात.

तर माझ्या भाचीचा, मंजूचा फोन आला. तिचं सासर नागभीडला. फोनवर खरखर होती, मागे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत होता. ती म्हणाली, "मावशी, आमच्या ओळखीच्या घरी एक जुनी फेल्टची हॅट आहे. सगळे तिला इटलीवाली टोपी म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचं लग्न आहे, त्या निमित्ताने या, मी सांगून ठेवते." मी त्याच संध्याकाळी डबा पुसायला घेतला.

नागभीड

गाड्यांचं वर्णन करत बसत नाही. महाराष्ट्र आडवा किती लांब आहे ते आमच्या कंबरेला विचारा. बल्लारशाला उतरून गोंदियाकडे जाणारी गाडी धरली आणि नागभीड जंक्शनला उतरलो. मार्च सरत आला होता आणि ऊन असं, की स्टेशनातल्या नळाचं पाणी थेट चहाला चाललं असतं.

मंजूने जेवायला वांग्याची भाजी, वरण आणि भाताचा डोंगर वाढला. तिच्या सासूबाईंनी विचारलं, "बाई, भाजीवर सांबार टाकू का जी?" मी म्हटलं, नको, वरण आहे की. हे मात्र खवय्ये, लगेच म्हणाले, "टाका टाका, इडली पण आहे का?" बाईंनी हिरवीगार चिरलेली कोथिंबीर टाकली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मंजू हसून हसून पाटावरून पडायची बाकी राहिली होती.

ऊन उतरल्यावर तिने आम्हाला टोपीच्या घरी नेलं. गाव जवळच, धानाच्या बांध्यांमधून, भातखाचरांतून, रस्ता जातो. कापणी होऊन गेलेली, बांधावर बाभळी, आणि मध्येच एक बोडी, म्हणजे छोटा तलाव. घर त्या बोडीच्याच काठावर. घरधनी वासुदेवभाऊ तलावात मासेमारी करतात आणि थोडी शेती. अंगणात मांडव पडला होता, भिंतीवर जाळी सुकत होती. त्यांच्या बायकोने, शकुनबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं. नवरदेव प्रमोद लाजत लाजत खुर्च्या मांडत होता. आणि ओसरीत बाजेवर गिरजाआजी, वासुदेवभाऊंच्या आई, सुपारी कातरत बसल्या होत्या.

वासुदेवभाऊंनी आतून पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं आणलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"पाहा जी बाई. हे आमची एटापल्लीवाली टोपी."

"कुठली?" मी विचारलं.

"एटापल्लीवाली. तिकडे आलापल्लीच्या पुढे आहे ना जी, एटापल्ली. गडचिरोली जिल्ह्यात."

मी मंजूकडे पाहिलं. मंजू म्हणाली, "मी तेच तर सांगितलं होतं फोनवर."

आमच्या ह्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर ते जे हसायला लागले, ते खांबाला धरून हसले. "अगं, अख्खा महाराष्ट्र ओलांडून आलीस, तो एका टोपीचा तालुका चुकवायला!" असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मांडवातले सगळे हसले. मीही हसले, पण आतून चांगलीच चिडले होते.

तरी गाठोडं सोडलं. तपकिरी टोपी, रिबीन विटलेली, कडा वाकलेली, टाळूवर खोल चेप. बोटांनी हळूच दाबून सोडली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. फेल्ट पसरलं. ससाच होता तो! पट्टीवरचा शिक्का पार पुसलेला. पट्टीच्या मागे पाहायला हवं होतं, पण ती कुणीतरी मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने टोपीला घट्ट शिवून टाकली होती.

"हे शिवण माह्या सासऱ्याच्या हातची होय," गिरजाआजी म्हणाल्या. "उसवायची नाई."

मग त्यांनी टोपीची हकिगत सांगितली. त्यांचे सासरे डोंगा चालवायचे. वैनगंगेला पूर असताना जंगलखात्यातल्या एका साहेबाला त्यांनी पार करून दिलं. काठावर उतरल्यावर साहेबाने डोक्यावरची टोपी काढून यांच्या डोक्यावर ठेवली. त्या टोपीत त्यांचं लग्न झालं, मग मुलाचं, मग वासुदेवभाऊंचं. "आता हे टोपी डोक्श्यावर नसली त आमच्या घरची वरात निंघत नाई," आजी म्हणाल्या. आमच्याकडे नवरदेवाला फेटा लागतो, पण तो दुकानातून भाड्याने आणलेला चालतो. इथे नुसती टोपी नको, ही टोपी पाहिजे.

या वेळी तिचं महत्त्व आणखी वाढलं होतं, कारण नवरी एटापल्लीजवळच्या गावची. नवरीचे आजोबा दासरूभाऊ या सोयरिकीला तयार नव्हते. एवढ्या लांब पोरगी द्यायची नाही, म्हणत होते. मग त्यांच्या कानावर गेलं की या घरात एटापल्लीची टोपी पिढ्यान्‌पिढ्या नवरदेवाच्या डोक्यावर चढते. "आपल्याच गावची वस्तू त्या घरानं जपली, त आपली पोरगीबी जपन," असं म्हणून म्हातारा कबूल झाला. शकुनबाई सुनेला आताच 'टोपीच्या माहेरची' म्हणत होत्या.

मी ते सगळं ऐकलं आणि डबा खुर्चीखाली सरकवला. टोपी मागायची सोय राहिली नव्हती. म्हटलं, निदान तिला वाफ देऊन, ब्रश मारून लग्नासाठी नीट करून देते. सगळ्यांना आनंद झाला.

पेज

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. चुलीवर मोठ्या गंजात मांडवाच्या जेवणाचा भात शिजत होता, वाफ भरपूर होती. टोपी वाफेवर लांबून धरायची, नुसतं फेल्ट नरम होऊ द्यायचं, पट्टीच्या चामड्याला वाफ लागू द्यायची नाही. ब्रश घरात राहिला होता म्हणून टोपी ह्यांच्या हातात दिली, दहादा बजावलं आणि आत गेले.

तेवढ्यात वासुदेवभाऊंनी ह्यांना विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे एसटीचा डब्बल बेल म्हंजे काय असते जी?" झालं! कंडक्टरला कुणी बेल विचारली की दोन्ही हात लागतात. ह्यांनी हवेतल्या हवेत घंटीची दोरी ओढून दाखवली.

मी बाहेर आले तेव्हा टोपी भाताच्या पेजेत तरंगत होती.

"डब्बल बेल," हे म्हणाले. त्या वेळी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मिरजेच्या शाळेत मी कधी तसं बोलले नव्हते.

पळीने टोपी काढली. ती थंड पाण्याने धुवायची सोडून मी आधी ह्यांच्याशी भांडत बसले, आणि तेवढ्यात शकुनबाईंनी भल्या मनाने ती उन्हात छपराच्या कवेलूंवर वाळत टाकली. दुपारी खाली काढली तर पापड. पेजेच्या खळीने कडक, उन्हाने आखडलेली, आणि आतलं चामडं तर सुकलेल्या बोरासारखं सुरकुतलेलं. संध्याकाळी हळदीच्या आधी प्रमोदच्या डोक्यावर ठेवून पाहिली. टोपी टाळूवर वाटीसारखी बसली आणि खाली पडली.

शकुनबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "आता कसं करावं जी? उद्या पहाटे वरात निंघते."

"रडून काऊन राह्यली वं?" आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुले येते म्हनते ना टोप्याचं? मंग कर."

कपाटातली टोपी बिघडली तर माझी बिघडते. इथे माझ्यामुळे एक लग्न अडलं होतं. मी म्हटलं, "आजी, करते. पण शिवण उसवावी लागेल. चामडं आखडलंय, ते काढल्याशिवाय फेल्ट ताणता येणार नाही."

बाकीचे हळदीला गेल्यावर ओसरीत आम्ही दोघीच उरलो. आजींनी सुपारी बाजूला ठेवली. टोपी मांडीवर घेतली, आणि सासऱ्यांची शिवण स्वतःच्या अडकित्त्याने टाका-टाका तोडली. मी चिमणीचं पिल्लू धरावं तितक्या हलक्या हाताने पट्टी सोडवली. पट्टीच्या मागे, घाम कधी पोहोचला नाही अशा जागी, नखाएवढी कागदी चिठ्ठी चिकटलेली होती. पेजेने ओली झाली होती, तरी वाचता येत होती. अठ्ठावन्नचा आकडा होता, आणि खाली बारीक अक्षरात एकच शब्द.

"इटालिया," मी वाचलं. "आजी, ही टोपी इटलीची आहे! इटाली!"

आजींनी कान पुढे केला. "काय म्हनली?"

"इटाली. परदेशात आहे, समुद्रापलीकडे."

आजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. "बाप्पा बाप्पा! माह्या सासऱ्यानं एटापल्ली कधी डोऱ्यानं पाह्यली नाई. नदीच्या त्या काठापुढं काय हाय, त्याले माहीत नव्हतं. मी म्हनो, मंग टोपी एटापल्लीची कशी? त म्हने, साहेबानं सोता सांगतलं. बोट टोपीवर ठेवून सांगतलं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "साहेब इटाली म्हनला असन. यानं आयकलं एटापल्ली!"

म्हणजे फोनवर मी एटापल्लीचं इटली ऐकलं, आणि त्या भल्या माणसाने नदीकाठी इटलीचं एटापल्ली ऐकलं होतं. दोन चुकांची फिट्टंफाट होऊन टोपी बरोबर जिथली तिथे आली होती. मला नाचावंसं वाटलं. हे सगळ्यांना ओरडून सांगायला मी उठलेही, पण आजींनी माझं मनगट धरलं.

"बस खाली. सोयरे एटापल्लीचे हायेत."

मी बसले. आजींनी चामड्याची पट्टी चिठ्ठीसकट माझ्या हातात ठेवली. "हे तू ने. आता टोपीले याचं काम नाई." आणि आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून दिला. "याची पट्टी लाव."

टोपी कोमट पाण्यात बुडवून बुडवून सगळी खळ काढली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. आता ती ताणून वाळवायला अठ्ठावन्न मापाचं काहीतरी गोल हवं होतं. तांब्या लहान, पाण्याचा गुंड मोठा, घरातला भोपळा लांबट. प्रमोदचं डोकं मोजलं तर बरोबर अठ्ठावन्न. पण आजी म्हणाल्या, हळदीचा नवरदेव डोक्यावर ओलं घेत नाही.

मी टेप घेऊन हळूच वळले. आमचे हे मागच्या मागे सरकत होते.

"अहो," मी म्हटलं, "डब्बल बेल."

वैनगंगेवरून आलापल्लीकडे

वरात पहाटेच निघाली. केटलीच्या वाफेवर टोपी नरम करून मी ती ह्यांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी ओढली. कानाच्या वर, भुवईच्या वर, चारी बाजूंनी. बजावलं, एटापल्लीपर्यंत काढायची नाही, खाजवायचं नाही, मान हलवून बोलायचं नाही. शेवटची अट त्यांना फार जड गेली.

जीपमध्ये पुढे प्रमोद, बाशिंग गुडघ्यावर घेऊन बोडक्या डोक्याने बसलेला, आणि मागे आमचे हे, ओली हॅट घालून. ब्रह्मपुरी गेलं, आरमोरीजवळ वैनगंगा आली. उन्हाळ्यात नदी अर्धी वाळूच, वाळूत डांगरांचे वेल. आजींनी पुलावरून नदीला हात जोडले आणि टोपीकडे पाहून पुन्हा एकदा पदरात हसल्या. हे आमच्या दोघींचं गुपित होतं. शकुनबाई म्हणाल्या, "आज बुढीले काय झालं जी, सकाळपासून हासूनच राह्यली."

गडचिरोली, चामोर्शी करत आष्टीला चहाला थांबलो. टपरीवाल्याने ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि वासुदेवभाऊंना विचारलं, "नवरदेव हेच होय का जी? उमर थोडी जास्त दिसून राह्यली."

"पहिलं लग्न जमलं नव्हतं," मी म्हटलं.

ह्यांना मान हलवायची परवानगी नव्हती, म्हणून नुसते डोळे वटारले. टपरीवाल्याने मात्र नवरदेव समजून त्यांच्या चहात जास्तीची साखर घातली.

आष्टीच्या पुढे सूरजागडहून येणारे लोखंडी दगडाचे ट्रक लागले, एकामागे एक. त्यांची लाल धूळ आत यायला लागली तशी मी टोपीवर माझी ओढणी धरली. शकुनबाईंनी दुसरं टोक धरलं. तसं आम्ही दोघी आलापल्लीपर्यंत माझ्या नवऱ्यावर अंतरपाट धरून गेलो.

आलापल्लीला सागाचं जंगल सुरू झालं. आमच्याकडे साग म्हणजे दाराची चौकट. इथे उभा साग पाहिला आणि मान मागे टाकूनही शेंडा दिसेना. झाडांनी पानं टाकली होती, सुपाएवढाली पानं जमिनीवर कुरकुरत होती. मधूनच एखादा मोह, आणि त्याखाली बायका वाकून फुलं वेचताना. जीप थांबवून मी टोपी चाचपली. कोरडी! हळूच काढली. फेल्ट गुळगुळीत, गोल, आणि ह्यांच्या कपाळावर लाल वळ. त्यांनी आधी पोटभर डोकं खाजवून घेतलं, मग पहिलं वाक्य बोलले, "आता जेवण कधी?"

शकुनबाईंनी डबे उघडले. तांदळाची भाकर, जवसाची चटणी, तळलेला मरळ मासा. मी सागाच्या पानावर थोडं खाल्लं आणि बुंध्याला टेकून लुगड्याचा हिरवा काठ आत शिवायला घेतला. आजी शेजारी बसून दोरा ओवून देत होत्या. वयाच्या मानाने त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. शेवटचा टाका झाल्यावर मी टोपी मुठीत दाबली आणि सोडली. ती पसरली. गिरजाआजींनी ती उचलून प्रमोदच्या डोक्यावर ठेवली आणि ती तिथे अशी बसली, जशी त्याच्याच डोक्यावर वाढली होती. शकुनबाई पुन्हा रडल्या, पण या वेळी कुणी अडवलं नाही.

एटापल्ली

नवरीचं गाव एटापल्लीच्या अलीकडे, झाडीत. पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. गावकरी "जोहार, जोहार" करत पुढे आले. जानवसघराच्या अंगणात चटयांवर मोहाची फुलं वाळत घातलेली होती, सगळीकडे तो गोड, डोक्यात जाणारा वास. एका बाईने माझा डबा पाहिला, झाकण उघडलं आणि आत काहीच नाही म्हटल्यावर तिला माझी कीव आली. "रिकामा डब्बा घेऊन कोनी सोयऱ्याच्या घरी येते का जी?" म्हणून तिने तो फुलांनी काठोकाठ भरला. इटालियन हॅटीसाठी आणलेला डबा! मी नको म्हणेपर्यंत तिने झाकण लावलंही होतं. फुलांची भाकरी कशी करायची तेही तिने सांगितलं. आम्ही आतापर्यंत चार भाकऱ्या बिघडवल्या आहेत.

गोरज मुहूर्त होता. ढोल वाजायला लागले आणि प्रमोद मांडवात आला. टोपी, टोपीवर बाशिंग. दासरूभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले. वाळलेल्या बांबूसारखे उंच, पांढऱ्या मिशा. त्यांनी हात वर केला तसे ढोल थांबले. म्हाताऱ्याने टोपीला चहूबाजूंनी पाहिलं, काठावरून बोट फिरवलं आणि मागे वळून विचारलं, "मिरजेवरून टोप्याच्या मास्तरीनबाई आल्या म्हनते. त्या कोन्त्या?"

कुणीतरी मला पुढे ढकललं आणि हातात माईक दिला.

"बाई," दासरूभाऊ म्हणाले, "तुम्ही म्हने टोपी पाहून गाव सांगता. खोटं बोलत नाई म्हने. मी या टोपीच्या भरवशावर पोरगी देऊन राह्यलो. साऱ्या मांडवात सांगा, हे टोपी कुठची होय?"

वासुदेवभाऊंचा चेहरा अभिमानाने फुललेला, त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. नवरी मुंडावळ्यांआडून टोपीकडे बघत होती. गिरजाआजी पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर थांबला होता. चामड्याची पट्टी माझ्या पर्समध्ये होती. अठ्ठावन्न, इटालिया. इतकी वर्षं शोधत होते तशी, शंभर नंबरी, पुराव्यासकट. आणि आजपर्यंत एकाही टोपीचं गाव मी चुकीचं सांगितलेलं नव्हतं.

मी प्रमोदपाशी गेले. टोपी काढली, उलटी केली. आत हिरवा काठ, माझे टाके. मुठीत दाबली, सोडली. उगाचच प्रकाशाकडे धरून पाहिली. मग ती पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली आणि माईक तोंडाशी नेला.

"एटापल्लीची," मी म्हटलं. "मी पैज लावून सांगते."

ढोल असे कडाडले की माझा हात आपोआप कानावर गेला. दासरूभाऊंनी मिशीवरून पालथा हात फिरवला, नातजावयाला पोटाशी धरलं आणि मांडवभर ओरडून सांगितलं, "पाह्यलं का? म्या काय म्हनलो होतो!" तांदूळ उडायला लागले. आजींचा अडकित्ता कट्‌ करून सुपारीवर चालला.

मी गर्दीतून वाट काढत मागे आले. आमचे हे खांबाशी उभे होते, कपाळावर अजून टोपीचा लाल वळ. आलापल्लीला जेवताना मी त्यांना चिठ्ठीचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातात बुंदीचा द्रोण दिला आणि कानाशी वाकून म्हणाले, "काय मास्तरीणबाई, शेवटी एवढ्या लोकांना टोपी घातलीसच ना?"

"घातली," मी म्हटलं. "पण कशी मापात बसली, ते बघितलंत का?"